परवाना मिळाला, रस्त्याचे काय?

वाहन चालविण्याचा परवाना मिळणे आणि शहरातील रहदारीत सुरक्षितपणे वाहन चालविता येणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरसारख्या दुचाकीबहुल शहरात चाचणीच्या वेळी नेमके काय तपासले जाते, हा प्रश्न केवळ आरटीओच्या कामकाजापुरता उरत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पंधराव्या नियमानुसार शिकाऊ परवाना मिळून किमान तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. इतर वाहने ओलांडणे, त्यांना वाट देणे, योग्य इशारा करणे, आणीबाणीत वाहन थांबविणे ही कौशल्ये उमेदवाराने दाखवावीत, अशी या नियमाची अपेक्षा आहे. मात्र दुचाकीसाठी आठच्या आकड्याचा आणि चारचाकीसाठी ‘एच’ आकाराचा ट्रॅक पार करताना ना रिक्षा आडवी येते, ना समोरून उलट्या दिशेने दुचाकी. वाहनावरील ताबा तेथे कळतो. धोका आधीच ओळखण्याची क्षमता कळत नाही.

या शहराचे धोके ठरलेले आहेत. जालना रोडवर उड्डाणपूल उतरताच वेगातील वाहने आणि खालून येणारी रहदारी एकमेकांत मिसळते. जुन्या शहरात दरवाजांभोवती रस्ता अरुंद होतो आणि वळणापलीकडचे दिसत नाही. वाळूज व चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत पाळी सुटली, की दुचाकींचा लोंढा एकदम रस्त्यावर येतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याखाली खड्डा दडतो, तर ऊसतोडीच्या हंगामात शहराबाहेरील मार्गांवर मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अंधारात जवळ येईपर्यंत जाणवत नाही.

या संदर्भात ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तेथे नोव्हेंबर २००२ पासून लेखी परीक्षेला धोका ओळखण्याच्या चाचणीची जोड देण्यात आली. उमेदवाराला रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखविल्या जातात आणि उद्भवणारा धोका जितक्या लवकर हेरला, तितके गुण अधिक मिळतात. आपल्याकडे २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. हलक्या वाहनांसाठी तेथे २९ तासांचा अभ्यासक्रम असून, तो पूर्ण करणाऱ्यास आरटीओच्या चाचणीतून सूट मिळू शकते. अशा वेळी खऱ्या रहदारीचा सराव प्रशिक्षणातच झाला नाही, तर तो पुढे तपासणारा कोणी राहत नाही.

उपाय अवघड नाही. शहरातील अपघातप्रवण ठिकाणांची चित्रे शिकाऊ परवान्याच्या प्रश्नसंचात घालता येतील. मोटार ड्रायव्हिंग स्कूलनेही मोकळ्या मैदानाऐवजी अखेरचे काही धडे गर्दीच्या वेळी, पावसात आणि अंधार पडल्यावर द्यावेत. उमेदवारानेही चाचणीपूर्वीच्या तीस दिवसांकडे निव्वळ प्रतीक्षेचा काळ म्हणून पाहू नये. पुढच्या वाहनापासून अंतर राखणे, थांबलेल्या रिक्षाचे दार व बसच्या पुढून निघणारा पादचारी गृहीत धरणे, चौकात हिरवा दिवा असतानाही दोन्ही बाजूंना पाहणे या सवयी याच काळात अंगवळणी पडतात. ट्रॅकवर चूक झाली, तर चाचणी पुन्हा देता येते. रस्त्यावर तशी संधी मिळेलच, याची खात्री नसते.