लुगडे कसे नेसावे, हे कोण ठरवते? दासगाव–महाड, १९२७

१/ न शिवलेल्या वस्त्राला स्वतःचा आकार नसतो. नेसणारी तो देते. म्हणूनच ते कसे नेसले जाते, यावर समाजाची करडी नजर असते. वेशभूषेचा इतिहास वाचताना हा सत्तेचा धागा हातचा सुटू देऊ नये.

२/ ग्रीक स्त्रियांचा पेप्लॉस म्हणजे लोकरीचा एक आयताकृती पट, खांद्यांवर टाचण्यांनी अडकवलेला. हिरोडोटस सांगतो : ईजिनावरील मोहिमेतून एकच अथेन्सकर जिवंत परतला. ‘माझा नवरा कुठे?’ असे विचारीत मृतांच्या बायकांनी त्याला या टाचण्यांनीच भोसकून मारले. तेव्हा अथेन्सच्या पुरुषांनी स्त्रियांचा वेशच बदलला; टाचण्या न लागणारा लिननचा किटॉन त्यांच्या अंगी आला.

३/ आता सावित्रीच्या खाडीवरील दासगाव बंदर. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीने येथे उतरले आणि महाडला गेले. त्या रात्रीचे मनुस्मृतिदहन सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण मात्र क्वचितच आठवले जाते.

४/ आखूड नेसलेले लुगडे आणि अंगावरचे जड, हलक्या धातूचे दागिने यांवरून अस्पृश्य स्त्री दुरूनच ओळखू येई. ही खूण टाका, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, मुलींना शिकवा, असे बाबासाहेबांनी सांगितले. स्त्रियांनी ते तत्काळ आचरणात आणले.

५/ आक्षेप घेतला जातो : हे उच्चवर्णीयांचे अनुकरण नव्हे काय? शिवाय चिखलात राबणारीला आखूड नेसणच सोयीची. सोय खरीच, परंतु शेतातून घरी परतल्यावरही जी बदलता येत नाही, तिला सोय कसे म्हणावे? आणि २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे जर अनुकरण नव्हते, तर घोट्यापर्यंत उतरलेला काठही अनुकरण नव्हे. दोन्ही ठिकाणी नाकारलेला हक्कच बजावला गेला.

६/ अथेन्समध्ये पुरुषांनी शिक्षा म्हणून वेश लादला. महाडलाही सांगणारा पुरुषच होता, हे मान्य करावे. पण रोषाची जोखीम पत्करून निऱ्या नव्याने घातल्या त्या स्त्रियांच्याच हातांनी. त्या कृतीचे श्रेय त्यांचेच आहे.

७/ आज सणासमारंभांत नऊवारीला ‘परंपरा’ म्हणून मिरवले जाते. जरूर मिरवावे, मात्र तीच नऊवारी घोट्यापर्यंत नेसण्यासाठी कोणाला धैर्य एकवटावे लागले, हेही त्याच परंपरेत सांगितले जावे.