अंदाजपंचे कारभार आता पुरे

गोसीखुर्द प्रकल्पाची मूळ किंमत 372 कोटी रुपये होती, ती पुढे 18,494 कोटींवर पोचली. वांद्रे-वरळी सागरी सेतू 660 कोटींत व्हायचा होता, तो 1,600 कोटींवर गेला. अशा वेळी भाववाढ, भूसंपादन, कोर्टकचेऱ्या ही कारणं पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. पण किंमत फुगलेल्या कामांच्या फायलींत ‘संकल्पचित्रातील बदल’ आणि ‘परिमाणातील वाढ’ हीही कारणं असतात, आणि त्यांचा जाब कोणी विचारत नाही. बाहेरच्या परिस्थितीवर ढकलता येत नाहीत अशी हीच दोन कारणं आहेत. त्यांचा दोष अंदाजपत्रक करणाऱ्यांचाच असतो.

सरकारी बांधकामांची अंदाजपत्रकं माझ्या हाताखालून जातात. नकाशा ऑटोकॅडमध्ये नेटका काढलेला असतो. मग त्याची छापील प्रत समोर ठेवून कोणीतरी लांबी, रुंदी, उंची एक्सेलमध्ये पुन्हा हाताने भरतो. नकाशात भिंत सरकली तरी तक्त्यात ती जागची हलत नाही. एका आरोग्य केंद्राच्या अंदाजपत्रकात कठीण खडकाचं प्रमाण दुसऱ्याच तालुक्यातल्या कामावरून जसंच्या तसं उतरवलेलं मी पाहिलं. जागेवर एकही चाचणी खड्डा घेतलेला नव्हता. पुढचा रस्ता ठरलेला असतो: परिमाण निविदेपेक्षा 25 टक्क्यांहून जास्त वाढलं की कंत्राटातला क्लॉज 38, निविदेत नसलेलं काम निघालं की एक्स्ट्रा आयटम आणि शेवटी सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. पैसे जनतेचे जातात आणि चूक कोणाच्याच नावावर लागत नाही.

यावर इलाज आहे. ‘बिम’ पद्धतीत इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनतं. त्यात भिंत हलवली की वीटकाम, गिलावा, रंग यांची परिमाणं आपोआप बदलतात. सांडपाण्याचा पाइप तुळईला छेदत असेल, तर ते काँक्रीट ओतण्याआधीच दिसतं. मॉडेलला वेळापत्रक आणि दर जोडले की 5डी बिम होतं; नागपूर मेट्रोच्या कामात ते वापरलं गेलं. ब्रिटनने तर केंद्र सरकारच्या कामांना एप्रिल 2016 पासून बिम बंधनकारक केलं. जमिनीखालचा खडक संगणक सांगणार नाही, त्यासाठी बोअर घ्यावेच लागतील. पण बोअर घेतले की नाहीत, याची नोंद मॉडेलसोबत ठेवता येते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मोठ्या कामांना मॉडेलशिवाय तांत्रिक मान्यता देऊ नका. ते मॉडेल निविदेसोबत जाहीर करा. सुप्रमा मागणाऱ्याने जुनं आणि नवं मॉडेल शेजारी मांडून कोणता बदल, कोणाच्या सहीने, कोणत्या तारखेला आणि किती रुपयांचा, हे सांगितलंच पाहिजे. परवाने आणि प्रशिक्षणाला खर्च येईल, पण तो एकेका सुप्रमात जाणाऱ्या कोटींपुढे किरकोळ आहे. मॉडेलमध्ये प्रत्येक बदलामागे नाव ठेवता येतं आणि या पद्धतीला विरोध होतो तो त्या नावामुळेच. सरकारने या विरोधापुढे मान तुकवली, तर वाढीव खर्चाला तेच जबाबदार राहील.