कलेचे अंशकालीन मानधन

भानु अथय्या यांचे नाव निघाले की ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना लाभलेले ऑस्कर आठवते, आणि तो गौरव रास्तच आहे. परंतु कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातील ही कन्या मूळची चित्रकर्ती, आणि तीही नव्या वळणाची, याचे स्मरण फारच थोड्यांना असते. वडील अण्णासाहेब स्वतः चित्रकार; त्यांचे छत्र बालपणीच हरपले, तरी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून भानुताईंनी १९५१ साली सुवर्णपदक मिळविले, आणि १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. आपल्या नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे ज्या मंडळींत वावरत होते, त्या मंडळींत चित्रे मांडणारी ही एकटी स्त्री होती.

पुढे स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी पोशाखांची रेखाटने, आणि १९५६ च्या ‘सी. आय. डी.’पासून चित्रपट, असा त्यांचा मार्ग वळला. रुपेरी पडद्याचे त्यात कल्याण झाले, याविषयी दुमत नाही. तथापि त्या काळच्या नव्या चित्रकलेला गिऱ्हाईक किती तुटपुंजे होते हे ध्यानात घेता, या स्थित्यंतराला केवळ आवडीनिवडीचा प्रश्न म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्या कलेत चरितार्थाची शाश्वती नाही, ती कला पितृछत्र हरपलेल्या घरातील मुलीने आयुष्यभर कशाच्या बळावर जोपासावी?

हा प्रश्न मुंबईपुरता असता तर या मुलुखात बसून तो उकरून काढण्याचे प्रयोजन नव्हते. गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील एटापल्ली, भामरागड, जिवती येथील मुलींनी शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, तरी त्यांना पुढची वाट कोणी दाखवावी? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेसाठीसुद्धा कलाशिक्षणाचा निदेशक अंशकालीनच सांगितला आहे. ज्या विद्येचा गुरूच अर्ध्या वेळेचा, ती पूर्णवेळ पत्करण्याचे धैर्य शिष्येच्या अंगी कोठून यावे?

खाणपट्टेदारांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांत जमा होणाऱ्या निधीत शिक्षण हा अग्रक्रमाचा विषय आहे. चंद्रपूरच्या कोळशातून आणि सुरजागडच्या लोखंडातून येणाऱ्या या रकमेतून दोन्ही जिल्ह्यांच्या आश्रमशाळांत पूर्ण वेतनावर चित्रकला शिक्षक नेमावेत, आणि कलाशाळेत प्रवेश मिळविणाऱ्या प्रत्येक मुलीस शिक्षण पुरे होईपर्यंत निर्वाहवेतन मंजूर करावे, ही मागणी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी आगामी आराखड्यातच दाखल करून घ्यावी.