मेहुण्याला कमिशन विचारा

दामदुप्पट योजना घेऊन घरी येणारा माणूस बहुतेक वेळा लबाड नसतो. तो आपला मेहुणा असतो, सोसायटीतला शेजारी असतो, भिशीतली मैत्रीण असते. त्याने स्वतःचे पैसे घातलेले असतात, पहिले दोन-तीन हप्ते खात्यात जमाही झालेले असतात. पासबुक उघडून दाखवतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. पण तुम्ही पैसे भरलेत की त्यालाही काही टक्के मिळणार असतात, आणि तेवढ्यापायी नको ते प्रश्न स्वतःला विचारणं त्याने कधीच सोडलेलं असतं.

म्हणून "तुझा यावर विश्वास आहे का?" असं त्याला विचारू नका. असतोच, कमिशनवर पोसलेला विश्वास फार दणकट. "मी भरले तर तुला किती मिळतील?" एवढंच विचारा. चहा थोडा कडू लागेल, लागू द्या.

मग कागद-पेन्सिल घ्या. महिना 10 टक्क्यांनी, व्याज त्यातच ठेवलं, तर लाखाचे वर्षात 3 लाख 14 हजार होतात. पाच वर्षांत 3 कोटींच्या वर! असा धंदा ज्याच्या हातात आहे तो तुमच्या पीएफच्या मागे कशाला लागेल? चार्ल्स पाँझीने 1920 साली बोस्टनमध्ये 45 दिवसांत 50 टक्के देऊ केले, कारण सांगितलं परदेशी टपाल कुपनांचं. 2025च्या जानेवारीत मुंबईत दादरला टोरेस या दागिन्यांच्या दुकानासमोर पैसे परत मागणाऱ्यांची गर्दी उसळली. तिथे निमित्त मोइसानाइट खड्यांचं होतं. निमित्तं बदलतात. नव्याचे पैसे जुन्याला, हा आतला व्यवहार तोच.

हे गणित न कळणारे थोडेच असतात. "बुडायच्या आधी आपण काढून घेऊ," हे वाक्य मी शिकलेल्या घरांत जास्त ऐकलंय. काढून घ्याल, पण कोणाचे? मागून आलेल्याचे. आणि त्याला आणलं कोणी, तर बहुधा आपणच.

अडकला असाल तर एक विनंती. चेक वटेनासे झाले की "तक्रार केलीत तर सगळ्यांचेच पैसे अडकतील," असं योजनेचा चालक सांगतो. आपण तेच खाली जोडलेल्यांना सांगतो, कारण त्यांनी आपलं दार ठोठावू नये. तेवढ्या वेळात चालकाला मालमत्ता दुसऱ्यांच्या नावावर करायला सवड मिळते. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1999चा कायदा आहे. त्याखाली चालकाची मालमत्ता जप्त करून विकता येते, पण काही उरलं असेल तर ना. पावत्या, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि आपण जोडलेल्यांची नावं घेऊन लवकर पोलिसांकडे जा. आपल्याला मिळालेलं कमिशनही त्या कागदावर लिहा.