साठवलेल्या माहितीचे वय

संगणक वारंवार लागणारी माहिती दरवेळी मूळ ठिकाणाहून आणीत नाही. तिची प्रत हाताशी, स्मृतीत ठेवतो. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. काम झटपट होते, पण प्रत शिळी होण्याचे भय असते. म्हणून तिचे वय मोजावे लागते. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली तयार केलेल्या ‘मेमकॅश्ड’ प्रणालीत प्रत्येक प्रतीला सेकंदांत आयुर्मर्यादा देता येते. ती संपली की प्रत बाद! वेबवरील साठ्यातून आलेले पान किती सेकंद जुने आहे, हे कळविण्यासाठी ‘एज’ नावाची नोंदही आहे.

म्हणजे यंत्रे एकमेकांना वय सांगतात; माणसाला मात्र ते सहसा दिसत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत वाढली, तरी जुने पान ‘मुदत संपली’ असेच सांगत राहू शकते. घरी जाणती माणसे असलेला विद्यार्थी कोणाला तरी विचारील. घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेला आमच्यासारखा मात्र पडद्यावरचे खरे मानून माघारी फिरेल.

माझी निरक्षर आईसुद्धा दूध घेताना ‘सकाळचं की कालचं?’ असे विचारते. तोच प्रश्न माहितीला विचारण्याचा आपल्याला हक्क नाही काय? प्रत्येक पानावर ‘ही माहिती अमुक वाजताची’ एवढी एक ओळ असावी. वय यंत्राजवळ आहेच. ते फक्त दाखवायचे आहे.