डोंगर हा पत्ता, गोत्र नव्हे

सेमाडोह, कोलकास, चिखलदरा, नरनाळा या पट्ट्यातून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ज्या याद्या आमच्याकडे छापायला येतात, त्यांत सापांची पाने भरगच्च असतात. पालींनाही अलीकडे बरे दिवस आले आहेत. सरड्यांच्या ओळी मात्र वर्षानुवर्षे त्याच. कुंपणावरचा म्हणजे कॅलोटिस व्हर्सिकलर, गळ्याचा पंखा उघडणारा म्हणजे सिताना पाँटिसेरियाना, खडकावरचा म्हणजे सॅमोफिलस. कोणी पाहिला, कुठे, किती उंचीवर, कशावरून ओळखला, याचा पत्ता नसतो. महाविद्यालयातला प्रकल्प असो, सर्वेक्षणाचे परिशिष्ट असो की सर्पमित्रांनी काढलेली पुस्तिका, एकाने दुसऱ्याची री ओढलेली दिसते. हा अंक अगॅमिडी कुळातल्या सरड्यांवर काढताना याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. कारण गेल्या दहा-बारा वर्षांत या कुळाच्या वर्गीकरणाची घडीच बदलली आहे आणि आपल्या याद्यांना त्याची खबर नाही.

पंखावाल्या सरड्यापासून सुरुवात करू. क्युव्हिएने १८२९ मध्ये सिताना हा वंश मांडला आणि पाँडिचेरीकडच्या सरड्याला पाँटिसेरियाना म्हटले. पुढे जवळजवळ सगळ्या भारतातल्या, मागच्या पायाला चारच बोटे असलेल्या आणि माळावर पळणाऱ्या सरड्यांना तेच नाव चिकटले. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वीपकल्पातले नमुने खवले, हाडे आणि डीएनए अशा तिन्ही अंगांनी तपासले. त्यातून पाच नव्या प्रजाती पुढे आल्या आणि सारडा हा नवा वंशही. गळ्यावर निळा, काळा, केशरी असा रंगीत पंखा मिरवणारे सरडे सारडात गेले. फिकट पंख्याचे सितानात राहिले. पाँटिसेरियाना हे नाव आपल्या मूळ गावाकडे, पूर्व किनाऱ्याकडे परतले. तेव्हा दर्यापूर-अकोटकडच्या काळ्या मातीतल्या सरड्याला डोळे मिटून पाँटिसेरियाना म्हणण्याची सोय संपली, त्याला दहा वर्षे होत आली.

कुंपणावरच्या सरड्याचेही तेच. दोदँने १८०२ मध्ये व्हर्सिकलर नाव दिले, पण ज्यावरून दिले तो नमुना हरवला. २०१६ मध्ये पाँडिचेरीचाच नवा प्रमाण-नमुना ठरवण्यात आला आणि २०२१ मध्ये गौरांग गोवंडे व सहकाऱ्यांनी दक्षिण आशियाभरचे नमुने त्याच्याशी ताडून पाहिले. एका नावाखाली किमान चार प्रजाती नांदत होत्या. हार्लनने १८२५ मध्ये दिलेले आणि नंतर अडगळीत पडलेले व्हुल्टुओसस हे नाव पुन्हा वापरात आले आणि पाकिस्तानातल्या फारूकी या उपप्रजातीला प्रजातीचा दर्जा मिळाला. म्हणजे ज्या सरड्याला शाळकरी पोरही ओळखते, त्याचेच नाव यादीत लिहिताना आता सर्वांत जास्त जपावे लागते.

आता डोंगराकडे वळू. मेळघाट म्हणजे सातपुड्याची गाविलगड रांग. वैराटचा माथा १,१७८ मीटरवर आहे आणि खाली सिपना, गाडगा, खापरा तापीकडे धावतात. असा मुलूख समोर असला की ‘पहाडी सरडे’ असा एक गट मनात आपोआप तयार होतो. सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये मांडलेला सातपुडा सिद्धान्त या मोहाला आणखी खतपाणी घालतो. हिमालयाच्या ओढ्यांतले मासे सातपुड्याच्या वाटेने सह्याद्रीत उतरले असावेत, असा तो विचार. तो मुख्यतः माशांवरून मांडलेला होता. सरड्यांना लावायचा तर आधी कोणता सरडा कोणाचा नातलग, हे ठरायला हवे. नेमके तेच डोंगरावरून ठरत नाही. डोंगर हा सरड्याचा पत्ता असतो, गोत्र नव्हे.

याचा सर्वांत मोठा दाखला जापालुराचा. ग्रे यांनी १८५३ मध्ये हा वंश काढला. हिमालयापासून चीन, तैवान आणि जपानच्या दक्षिण बेटांपर्यंत डोंगरी जंगलांत राहणारे, मध्यम चणीचे सरडे त्यात भरत गेले. दिसायला सारखे, राहायला डोंगरात, मग एकाच घरचे असणार, असा हिशेब. २०१९ मध्ये काय वांग आणि सहकाऱ्यांनी अनेक जनुकांवरून वंशवृक्ष मांडला तेव्हा हे घर एका कुटुंबाचे नसल्याचे दिसले. पूर्व आशियातले सरडे डिप्लोडर्मा या १८६१ सालच्या जुन्या नावाखाली गेले, ईशान्य भारत व म्यानमारकडच्या दोन प्रजातींसाठी क्रिस्टिडॉर्सा हा नवा वंश काढावा लागला आणि जापालुरा हिमालयाच्या आसऱ्याला उरला. सारख्या उतारांवर, सारख्या झाडीत राहून वेगवेगळ्या घराण्यांचे सरडे सारखे दिसू लागले होते, एवढेच.

मेळघाटचे उदाहरण याहून बोलके आहे. खडकावरच्या सॅमोफिलसला १८३१ मध्ये पहिले नाव मिळाले ते अगामा डॉर्सालिस. चपटे अंग, दबलेले डोके, तापल्या दगडाला चिकटून बसण्याची ढब. आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या अगामांशी त्याचे नाते जोडणे तेव्हा साहजिक होते. इंग्रजीत त्याला आजही ‘रॉक अगामा’च म्हणतात. पण डीएनए सांगतो की तो त्या गोतावळ्यातला नाही. तो ड्रॅकोनिनी या दक्षिण व आग्नेय आशियाई उपकुळातला. म्हणजे गोव्याच्या सुपारीच्या बागांत या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाणारा ड्रॅको त्याचा जवळचा भाऊबंद, आणि हिमालयाच्या कड्यांवर अगदी त्याच्यासारखाच बसणारा लौडाकिया दूरचा. उलटही घडते. जमिनीवर राहणारा, बुटका, आखूड शेपटीचा जो सरडा ब्रॅकिसॉरा या स्वतंत्र वंशात होता, तो झाडांवरच्या कॅलोटिसांतलाच एक निघाला. हार्डविक व ग्रे यांच्या १८२७ मधल्या नावापासून १८० वर्षांहून अधिक काळ रेंगाळलेला हा घोळ दीपक, राजू व्यास, गिरी आणि कारंथ यांनी २०१५ मध्ये निस्तरला.

मग सेमाडोहला सिपनेच्या पात्रातल्या काळ्या खडकावर सरडा दिसला तर करायचे काय? परवानगी असेल आणि सरडा हातात असेल, तर पहिली नजर गळ्याखाली. आडवी घडी आहे का? मग कानाचा पडदा उघडा आहे का, त्याच्या वर काटे आहेत का. मागच्या पायाची बोटे चार की पाच. त्यानंतर खरी परीक्षा: पोटाच्या मध्यावर अंगाभोवती एक फेरी खवले मोजायचे. पाठीच्या कण्यावरच्या खवल्यावर टाचणीचे टोक टेकवून एकेक ओळ सरकत पोटावरून परत तिथेच यायचे. सरडा वळवळतो, आकडा चुकतो. पुन्हा मोजायचे, आणि दुसऱ्याकडूनही मोजून घ्यायचे. माल्कम स्मिथ यांनी १९३५ मध्ये दिलेल्या ओळख-किल्लीप्रमाणे ऐंशी ते शंभरच्या घरात आकडा आला, तर स्टोलिच्काने १८७१ मध्ये भूवैज्ञानिक ब्लॅनफोर्ड यांच्या नावे केलेला सॅमोफिलस ब्लॅनफोर्डॅनस. ११५ ते १५० भरले, तर डॉर्सालिस. मध्येच कुठे अडकला, तर ती नोंद जास्त मोलाची. ती ‘चूक झाली असेल’ म्हणून खोडून टाकायची नाही.

रंगावर विसंबू नका, हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या दहा छायाचित्रांतली नऊ विणीच्या रंगातल्या नराची असतात. डॉर्सालिसवर अनुराधा बटब्याल आणि मारिया ठाकर यांनी २०१७ मध्ये दाखवले की मादीसमोर नराची पाठ लाल होते, आणि दुसऱ्या नराशी गाठ पडली की तीच पाठ पिवळी पडून कडा केशरी होतात, तेही बघता बघता. एकाच सरड्याचे दोन फोटो वेगवेगळ्या दोन प्रजाती म्हणून यादीत यायला एवढे पुरे. मादी आणि पिल्ले तर आपल्या याद्यांत जवळजवळ नसतातच.

‘नाव कोणतेही असो, सरडा वाचला म्हणजे झाले,’ असे वनखात्यातले काही मित्र म्हणतात. त्यांच्यासाठी साताऱ्याची गोष्ट. चाळकेवाडीच्या पठारावरचा रंगीत गळ्याचा सरडा २०१६ मध्ये सारडा सुपर्बा झाला. त्याच पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. त्यामुळे सरड्यांची संख्या वाढलेली होती, पण त्यांची अंगकाठी खालावलेली होती आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिकटले होते. हाच सरडा देशभर आढळणारा पाँटिसेरियाना म्हणून नोंदला गेला असता, तर एका पठारावर काय झाले याची फिकीर कोणी केली असती? सडे-पठारांपुरत्या राहणाऱ्या प्राण्याला नाव मिळाले, म्हणून त्याच्या घराला किंमत आली. व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. वाघाच्या छत्राखाली बाकीचे आपोआप सुरक्षित राहतील, असे आपण धरून चालतो. पण वैराटच्या माथ्यावर आणि तापीच्या काठावर एकच सरडा आहे की दोन, हे ठाऊक नसेल, तर सुरक्षित कोण राहिले ते कळणार कसे?

आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र आम्हाला मान्य आहे. नावे फार भराभर बदलतात आणि प्रत्येक बदल टिकतोच असे नाही. दक्षिणेतले चार नमुने, उत्तरेतले चार, दोन जनुके, आणि झाल्या दोन प्रजाती. मधल्या मुलखातले नमुने आले की तो फरक हळूहळू सरकणारा चढउतार ठरू शकतो. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. पण म्हणून वऱ्हाडाने स्वस्थ बसायचे कारण नाही, उलट हा मधला मुलूख आपलाच आहे. दख्खनच्या पठारावरचा सरडा आणि सातपुड्यापलीकडचा सरडा एक की वेगळे, याचा निकाल अमरावती-अकोल्याच्या नमुन्यांवाचून लागणार नाही. आणि नावे बदलतात म्हणूनच पुरावा हवा. छायाचित्र, खवल्यांचा आकडा आणि ठिकाण लिहिलेली १९९० ची नोंद आज टेबलाशी बसून नव्या नावाखाली नेता येते. नुसते नाव लिहिलेली नोंद नाव बदलले की रद्दीत जाते.

म्हणून पुढच्या अंकापासून या मासिकात सरड्यांची यादी छापण्याचे नियम बदलत आहोत. प्रत्येक नोंदीला तारीख, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि नोंद करणाऱ्याचे नाव हवे. छायाचित्रे किमान चार: डोक्याची एक बाजू कान-काट्यांसह, पाठ, गळा व पोट, आणि मागचा पाय. सरडा न पकडता एवढी मिळाली नाहीत, तर जेवढी आहेत तेवढी द्या. सरडा पकडायचा तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खालची वनविभागाची लेखी परवानगी जोडा. नाव कोणत्या संशोधनानुसार लिहिले, ते नमूद करा. नमुना ठेवलाच असेल, तर तो महाविद्यालयाच्या कपाटातल्या बाटलीत नको. मुंबईची बीएनएचएस किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पुण्याचे केंद्र अशा मान्य संग्रहात नोंदवून त्याचा क्रमांक द्या. आणि प्रजातीबद्दल खात्री नसेल, तर ‘सिताना, प्रजाती अनिश्चित’ असे लिहून थांबा. त्यात कमीपणा नाही.

वणव्यावर नजर ठेवणारे अंगारी, वनरक्षक आणि कोरकू वाटाडे हे वर्षभर जंगलात असतात. छायाचित्रे कशी काढायची ते त्यांना शिकवण्याचे आणि त्यांची नावे नोंदीत घालण्याचे काम प्राणिशास्त्राच्या विभागांनी अंगावर घ्यावे. जुन्या याद्या आम्ही मागे घेत नाही. त्यांतली सरड्यांची प्रत्येक ओळ यापुढे ‘तपासायची’ या सदरात धरू. पंधरा नावांची बिनपुराव्याची यादी आणि तीन नावांची पुराव्यासह यादी यांतल्या एकीलाच पान मिळणार असेल, तर आम्ही तीन नावांची छापू.