उबवणी कोणाची, पिले कोणाची?

शासनाच्या पैशातून उद्योग जन्माला घालण्याची कल्पना या देशाला नवी नाही. नियोजनपर्वाच्या आरंभी, १९५५ मध्ये, राजकोटला पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि मग देशभर गाळे बांधण्याचा सपाटा सुरू झाला. गाळा बांधला की कारखानदार आपोआप येतो, अशी त्या काळच्या नियोजनकर्त्यांची श्रद्धा होती. ग्रामीण भागातील कित्येक गाळ्यांत कारखानदार आलाच नाही. तेथे पारवे घुमत राहिले. परवाना-राजबरोबर ती श्रद्धाही लयाला गेली, असे आपण समजत होतो. परंतु आज ती ‘इन्क्युबेशन सेंटर’ असे नाव धारण करून वातानुकूलित सभागृहात येऊन बसली आहे. आणि ती आपल्या विचारांची माणसे सत्तेत असताना आली आहे, म्हणूनच तिच्याविषयी स्पष्ट बोलणे अगत्याचे आहे.

या शब्दाचा जन्मही बोधप्रद आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बटाव्हिया या गावी शेती-अवजारांचा प्रचंड कारखाना बंद पडला. मॅन्क्युसो कुटुंबाने ती इमारत घेतली. पण एवढी जागा घेणारा एक भाडेकरू मिळेना. तेव्हा १९५९ मध्ये तिचे तुकडे पाडून ते लहान उद्योगांना भाड्याने देण्यात आले आणि त्यांना सल्ला व भांडवल मिळवून देण्याची व्यवस्था झाली. भाडेकरूंमध्ये एक कोंबड्यांचा व्यवसाय करणारी कंपनीही होती. त्यावरून थट्टेने त्या जागेला ‘इन्क्युबेटर’, म्हणजे उबवणी यंत्र, म्हणू लागले. म्हणजे आधी गावाची बेकारी होती, मग उद्योग आले आणि नाव सर्वांत शेवटी मिळाले. आपल्याकडे आधी नाव येते, मग इमारत. उद्योगाची वाट पाहायची असते.

हे केंद्र उभे कसे राहते, ते सामान्य करदात्याने एकदा समजून घ्यावे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून अशा केंद्रांना पाच वर्षांत मिळून १० कोटी रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. मात्र अर्जदाराकडे किमान १०,००० चौरस फूट तयार जागा हवी. एवढी जागा असते कोणाकडे? मोठ्या शिक्षणसंस्थांकडे, विद्यापीठांकडे, धनाढ्य समूहांकडे. उद्योग उभारून दाखवलेला, पण भाड्याच्या शेडमध्ये आयुष्य काढलेला एखादा अनुभवी कारखानदार या उंबरठ्यापर्यंत पोहोचतच नाही. मग यजमान संस्था नफा न कमावणारी कंपनी किंवा सोसायटी नोंदवते, संचालक मंडळावर आपलीच माणसे बसवते, एखाद्या प्राध्यापकाकडे कारभार सोपवते किंवा कंत्राटी व्यवस्थापक नेमते. हप्ता येतो, खर्च होतो, उपयोगिता प्रमाणपत्र दिल्लीला जाते. पैसा खर्च झाला एवढेच ते प्रमाणपत्र सांगते. अंडे उबले की नासले, हा रकाना त्यात नसतो.

त्यात महाविद्यालयांच्या ‘नॅक’ मूल्यांकनात अशा केंद्राची नोंद घेतली जाऊ लागली आणि उद्योजकता हाही गुणांकनाचा विषय झाला. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे यंत्र दुरुस्त झाले नाही, पण दारावर फलक लागला. फलकाला काय, रंगाऱ्याची मजुरी पुरते.

खरा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे. ‘स्टार्टअप’ म्हणून मान्यता मिळवण्यासाठी २०१६ मध्ये जी चौकट ठरली, तिच्यात खासगी कंपनी, नोंदणीकृत भागीदारी आणि मर्यादित दायित्व भागीदारी यांना स्थान मिळाले. एकट्या मालकाच्या पेढीला मिळाले नाही. इचलकरंजीचा यंत्रमागधारक, सोलापूरचा चादर विणणारा, कोल्हापूरच्या फाउंड्रीला साचे करून देणारा कारागीर यांची पेढी बहुधा अशीच असते. या देशातील लघुउद्योगाचे प्रचंड बहुमत नेमके दाराबाहेर राहिले. त्यांच्यासाठी वेगळी योजना नाही काय? आहे. २०१५ च्या ‘अस्पायर’ योजनेत उपजीविका उबवणी केंद्रांची तरतूद झाली आणि सरकारी संस्थेने चालवलेल्या केंद्राला यंत्रसामग्रीसाठी कमाल १ कोटी रुपये ठरले. शहरी कल्पनेला १० कोटी आणि ग्रामीण हाताला १ कोटी! अंत्योदयाचा घोष करणाऱ्यांनी या तराजूकडे डोळे उघडून पाहिले पाहिजे.

पं. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडताना सर विश्वेश्वरय्यांचा हवाला देऊन उद्योगाचा सात अंगांनी विचार सांगितला होता: माणूस, कच्चा माल, भांडवल, व्यवस्थापन, चालक शक्ती, बाजारपेठ आणि यंत्र. या सातांत इमारत नाही. आणि आजच्या उबवणी केंद्रांत सर्वाधिक दुर्लक्षित आहे ती बाजारपेठ. तरुणाला दहा मिनिटांत गुंतवणूकदाराला भुरळ कशी पाडायची ते शिकवतात. पहिला ग्राहक कोठून आणायचा ते शिकवणारा कोणी नसतो. लघुउद्योगाचे देणे ४५ दिवसांत चुकते करावे, असा कायदा २००६ पासून आहे. अडकलेले बिल सोडवून देणारा एक वकील प्रत्येक केंद्रात बसवला, तरी दहा व्याख्यानांहून अधिक पुण्य पदरी पडेल.

स्वदेशीच्या अंगाने पाहिले तर आणखी एक छिद्र दिसते. २०२१ च्या ९४५ कोटींच्या बीजभांडवल योजनेत भारतीय प्रवर्तकांचा वाटा किमान ५१ टक्के असावा, ही अट आहे. उत्तम अट! पण ती केव्हाची? केंद्राकडे अर्ज करतेवेळची. पुढे कंपनीचे मुख्यालय सिंगापूरला किंवा अमेरिकेतील डेलावेअरला हलले, बहुसंख्य वाटा परकीय निधीकडे गेला, तर अर्जाच्या दिवशीची ही अट त्यास आड येत नाही. घरटे आपले, ऊब आपली, दाणा-पाणी आपल्या करातून, आणि पिलाला पंख फुटताच त्याचा मालक दुसरा. याला उद्योगनिर्मिती म्हणावे की दाईपण?

आपल्या समाजाने ही गोष्ट एकेकाळी किती वेगळ्या रीतीने केली होती! अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभारला, लोकमान्यांनी त्यास पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. जपानमध्ये काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे आले. तो कारखाना म्हणजेच शाळा होती. तेथे शिकलेले हात देशातील इतर काच कारखान्यांत पोहोचले आणि स्वतः वार्ष्णेय यांनी पुढे संयुक्त प्रांतात बहजोईला काच कारखाना काढला. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, बेळगावातून जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल स्थानकाजवळचा माळ आणि बिनव्याजी १०,००० रुपये दिले. त्या राजाने सल्लागार समिती नेमली नाही; माणूस पारखला, जमीन दिली आणि कामात ढवळाढवळ केली नाही. किर्लोस्करवाडी आजही त्याच माळावर उभी आहे.

‘नवे उद्योग बुडायचेच, त्याचा हिशेब काय मागता?’ असा युक्तिवाद केला जातो. बुडण्याला आमची ना नाही. लोखंडी नांगर जमिनीला विष लावेल, अशी शंका शेतकऱ्यांच्या मनातून जायलाही वर्षे गेली होती. परंतु बुडालेल्यांची नोंदच न ठेवणे म्हणजे धाडस नव्हे. नीट चालवले तर काय साधते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेल्या व्हेंचर सेंटरने वैज्ञानिक उद्योजकाला प्रयोगशाळा, महागडी उपकरणे आणि पेटंटविषयक साहाय्य यांची सोय एका छताखाली दिली. एकट्याला न परवडणारे यंत्र सर्वांना वापरता आले, हे तेथील मर्म. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला धातुपरीक्षणासाठी आणि सोलापूरच्या विणकराला रंगपरीक्षणासाठी असेच केंद्र, त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच भाषेतील अर्जावर का मिळू नये?

कार्यकर्त्यांनी यात एक काम आजच हाती घ्यावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेत शासनाकडून लक्षणीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्थाही येतात. आपल्या जिल्ह्यातील केंद्राकडे विचारावे: आजवर किती उद्योग येथून बाहेर पडले, त्यांतील किती आज चालू आहेत व किती जणांना पगार देतात, आणि त्यांचे मुख्यालय कोणत्या गावी किंवा कोणत्या देशात आहे? उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्जाचे शुल्क १० रुपये.